उभ्या गाडीचा विमा

आडबंदरातल्या माणसांनी आभाळाकडे बघणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. आता सगळे दर बघतात. सकाळी चहा गाळता गाळता एखादी विचारते, “तुमच्याकडे आज काय दर?” आणि समोरच्या गॅलरीतून उत्तर येतं, “दोन वीस! काल दीड होता मेला.” हा दर माशांचा नव्हे. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या विम्याचा, तासाचा.

आडबंदर हे कोकण किनाऱ्यावरचं कॉलेजांचं गाव. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, मत्स्य महाविद्यालय. मूळ वस्तीपेक्षा विद्यार्थी जास्त, आणि विद्यार्थ्यांच्या सेकंडहँड गाड्यांनी भरलेले रस्ते. वर्षाला तीन-चार वादळं ठरलेलीच. पूर्वी विमा कंपन्या वर्षाचा हप्ता घेत आणि वादळानंतर डोक्याला हात लावून बसत. मग डबी आली.

डबी काडेपेटीएवढी, डॅशबोर्डच्या मागे बसवलेली. ती हवेचा दाब मोजते, वायपर किती जोरात फिरतोय ते बघते, गाडी किती कलली, किती हादरली, तळाला पाणी लागलं का, हे टिपते आणि दर मिनिटाला कंपनीच्या मशीनला कळवते. एकट्या डबीला फारसं काही कळत नाही. पण गावात अशा दोन हजार डब्या झाल्या, तेव्हा जणू गावाची नाडी दोन हजार बोटं एकदम बघू लागली. वेधशाळा म्हणायची, “किनारपट्टीवर जोरदार वारे.” मशीन सांगू लागलं, की नर्सिंग कॉलेजमागच्या ह्या शंभर मीटरच्या चौकोनात येत्या तासाभरात गाडीचं नुकसान होण्याची शक्यता इतकी आहे. त्या शक्यतेवरून त्या तासाचा दर. गाडी पुढच्या चौकोनात नेली की दर बदलला. नकाशावर जास्त दर लाल, कमी दर हिरवा.

आणि तो दर खरा निघायचा, हीच पंचाईत. पहिल्याच वर्षी दर अकरावर गेला म्हणून फार्मसीच्या प्राचार्यांनी गाडी हलवली आणि वीस मिनिटांनी त्या जागी गुलमोहर आडवा झाला. त्या दिवसापासून गावाने मशीनपुढे हात जोडले. खोल्या दर बघून भाड्याने जाऊ लागल्या. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे “आमच्या दारात दर दीडच्या वर जात नाही” असं ऐकवू लागले. नगरपरिषदेने ठरावच केला, की वादळात बचावाच्या होड्या आणि ट्रक सगळ्यांत जास्त दराच्या चौकोनांकडे आधी जातील.

हेमांगी तोडणकर ह्या सगळ्याला हसायची. हसता हसता दरच बघायची.

सत्तेचाळीस वर्षांची हेमांगी बायकांना गाडी शिकवायची. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. ‘हेमांगी मोटार ट्रेनिंग’कडे गाडी एकच होती. तिला ब्रेक मात्र दोन, एक शिकणारीच्या पायाशी आणि एक डावीकडे हेमांगीच्या. “ब्रेक आपणच मारला असं शिकणारीला वाटतं,” ती सांगायची, “वाटू दे बिचारीला.” ती गाडी उभी राहिली तर हेमांगीचा धंदाही उभा राहणार होता, जागच्या जागी.

आडबंदरात परक्याकडून कोणी विमा घेत नाही. प्रत्येक घराचा आपला माणूस असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. हेमांगीच्या घरचा माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर महेंद्र. मार्चमध्ये तो तिच्या जेवणाच्या टेबलाशी टॅब घेऊन बसला.

“तीन प्रकार आहेत, वहिनी. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. ती कायद्यानं घ्यावीच लागते, आम्हालाही ती मधेच बंद करता येत नाही. त्यावर ‘चालती’. वादळात गाडी कुठेही असू दे, भरपाई मिळणार.”

“चालतीचा हप्ता?”

महेंद्रने आकडा सांगितला. हेमांगीने त्याच्या बशीतली एक चकली उचलून परत डब्यात टाकली.

“बरं, मग ‘उभी’ घ्या,” तो हसत म्हणाला. “निम्म्याहून कमी पडते. वादळाचा भोंगा व्हायच्या आत गाडी दोनच्या आतल्या दराच्या चौकोनात लावायची आणि वादळ जाईपर्यंत चाक फिरवायचं नाही. दहा मीटर जरी हलली तरी त्या वादळापुरतं गाडीचं कवच गेलं. थर्ड पार्टी राहील, म्हणून डबी जागी राहील. पण गाडीचा आरसा जरी फुटला तरी तुमचा तुम्ही.”

“वादळात मी कशाला जातेय भटकायला?” म्हणत हेमांगीने टॅबवर अंगठा टेकवला.

त्याच बैठकीत तिने अप्पांचं विचारलं. अप्पा म्हणजे तिचे वडील, गजानन शिरगावकर, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालत. हेमांगीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अप्पा नाक्यावर एकटे राहत, डोक्यावर शंभर वर्षांचा पर्जन्यवृक्ष आणि दारातला दर नऊ.

“त्यांच्यासाठी तळमजल्यावरची जागा बघायचीय भावोजी. कुठे बरी?”

महेंद्रने नकाशा फिरवला. “पागवाडी बघा. शून्य पॉइंट तीन! ह्याच्याहून हिरवा चौकोन अख्ख्या गावात नाही.”

पागवाडी खाडीच्या काठाला होती. मच्छीमारांची साठ घरं, एकाला एक चिकटून. मे महिन्यात अप्पांचं सामान तिथे गेलं. दारात टेकून अप्पा म्हणाले, “दर गाडीचा ना गो, बाय? मग मी काय बोनेट आहे?”

“अप्पा, जिथे गाडी वाचते तिथे माणूस वाचतोच,” हेमांगी म्हणाली. हे वाक्य तिला इतकं पटलं होतं, की पुढे पाच महिने ते तिने आपल्या शिकाऊ बायकांनाही ऐकवलं.

*

ऑक्टोबरातल्या अमावास्येला वादळ दुपारी तीनच्या सुमारास किनाऱ्याला लागणार होतं. बारा वाजल्यापासून गावातल्या गाड्या हिरवे चौकोन शोधत फिरत होत्या. एक चौकोन हिरवा दिसला की तिथे पन्नास गाड्या घुसत, आणि इतक्या गाड्या एकत्र आल्या की कंपनीची जोखीम वाढून त्याचाच दर चढे. मग पन्नासही गाड्या शिव्या घालत पुढे.

हेमांगीला साडेबाराला इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीखाली जागा मिळाली. दर एक चाळीस. शेजारच्या सीटवर रुबिना मुकादम बसली होती. वय अडतीस, मत्स्य महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक. दोन महिने शिकत होती आणि अजून तिसरा गिअर टाकताना बिस्मिल्ला म्हणायची. सकाळचा तास संपवून हेमांगी तिला घरी सोडणार होती, तेवढ्यात ही पळापळ सुरू झाली.

एक वाजता भोंगा झाला. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर अक्षरं आली, ‘कवच चालू. गाडी हलवू नये.’

“सुटलो,” हेमांगीने सीट मागे केली. “आता वादळाला काय करायचं ते करू दे.”

रुबिना फोनमध्ये बघत होती. खाडीच्या तोंडाशी त्यांच्या कॉलेजची भरती मोजायची काठी होती, रोज तिचे आकडे वहीत उतरवायचं काम रुबिनाचं. “मॅडम, पाणी आत्ताच नेहमीपेक्षा हात-दीड हात वर आहे. भरती पूर्ण व्हायला अजून पावणेदोन तास. वरून अमावास्या, आणि वारा समुद्रावरून आत. हे पाणी बाहेर जाणार कुठून? पागवाडीत शिरणार.”

“पागवाडीत कसं शिरेल? तिथला दर बघ ना.” हेमांगीने स्क्रीनवर बोट ठेवलं. पागवाडीचा चौकोन कैरीसारखा हिरवा होता. शून्य पॉइंट तीन. “मे महिन्यापासून हललेला नाही.”

रुबिनाने तो आकडा बघितला. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, “मॅडम, पागवाडीत गाडी जाते?”

जात नव्हती. सहा फुटांची पायवाट. सामान लावताना टेम्पो रस्त्यावरच्या मोरीपाशीच थांबवावा लागला होता, आणि अप्पांचं कपाट चार बायकांनी उचलून नेलं होतं.

हेमांगीने महेंद्रला फोन लावला. वादळाच्या दिवशी तो कंपनीच्या गावातल्या कचेरीत मशीनसमोर ड्युटीवर असे.

“भावोजी, पागवाडीचा दर कमी का आहे?”

“वहिनी, आत्ता? इथे तोंड धुवायला वेळ नाही...”

“का कमी आहे ते सांगा.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. “तिथे डबीच नाही ना. डबी नाही तिथली माहिती नाही. माहिती नाही तिथे मशीन किमान दर दाखवतं. शून्य पॉइंट तीन हा किमान दर आहे.”

“म्हणजे तिथे काय होणार हे मशीनला ठाऊकच नाही?”

“मशीनच्या दृष्टीनं तिथे काही नाहीच आहे, वहिनी.”

“आणि माझ्या वडलांना तिथे ठेवायला तुम्ही सांगितलंत!”

“तुम्ही बरी जागा विचारलीत, मी दर बघितला,” महेंद्रचा आवाज खाली गेला. “मला तरी कुठे सुचलं? हिरवं होतं.”

खरं तर ‘का’ हा प्रश्न तिनेही पाच महिन्यांत आज पहिल्यांदा विचारला होता. तिने बचावाच्या होडीचं विचारलं. दोन होड्या, दोन्ही नर्सिंग कॉलेजकडे लावलेल्या, तिथला दर बावीस. पागवाडी यादीत शेवटी. आणि पागवाडीच्या स्वतःच्या होड्या? वादळाच्या आदल्या दिवशी पुरुष होड्या घेऊन खाडीच्या आतल्या अंगाला जातात आणि तिथेच होड्यांजवळ राहतात, ही तिथली जुनी रीत. वाडीत आज फक्त बायका, पोरं आणि म्हातारे होते.

अप्पांनी फोन दुसऱ्या रिंगला उचलला.

“अप्पा, पाणी कुठे आहे?”

“उंबऱ्याला लागलंय. तू कशाला घाबरतेस? मी खाटेवर बसलोय.” मग जरा थांबून, “गाडी हलवू नको हां. भोंगा झालाय. तुझा तो नियम आहे ना?”

त्यांना नियम आठवत होता, ह्याचाच हेमांगीला राग आला. तिने चावी फिरवली. स्क्रीनवर प्रश्न आला, ‘चाक फिरल्यास गाडीचे कवच रद्द होईल. पुढे जायचे?’ खाली होय आणि नाही.

“रुबिना, तू उतर. वर कॉलेजात जाऊन बस.”

“तुम्हाला वाडीतलं पाणी कुठे खोल ते माहीत आहे?” रुबिनाने पट्टा लावून टाकला. “मला माहीत आहे. काठीकडे रोज तिथूनच जाते.”

“मग ऐक. तू माझ्या जागेवर आहेस. ब्रेक तुझ्या पायाशी आहे. कितीही घाबरलीस तरी त्याला हात, म्हणजे पाय लावायचा नाही.”

“बिस्मिल्ला,” रुबिना म्हणाली. हेमांगीने ‘होय’ दाबलं.

*

बाहेर वारा गाडीला खांद्याने ढकलत होता. फार्मसीच्या रस्त्यावर पत्रा उडत आला आणि काचेसमोरून गेला. रुबिनाचा पाय ब्रेकवर पडला. गाडी कचकन थांबली. दहा हातांवर विजेचा खांब रस्त्यावर आडवा झाला.

रुबिनाने घाईने पाय उचलला.

“हा ब्रेक चालतो,” हेमांगी म्हणाली आणि गाडी फुटपाथवर चढवून खांबाला वळसा घातला.

भीती वाटावी अशी गोष्ट पुढेच होती. कॉलेजच्या रस्त्यावर स्क्रीन लाल होती, चौदा, सतरा, एकोणीस. खाडीकडे उतार लागला, रस्त्यावरून पाणी वाहू लागलं, चाकांखालचा आवाज बदलला, आणि स्क्रीनवरचे आकडे उतरू लागले. पाच. दोन. पाणी अर्ध्या चाकाला आलं तेव्हा एक दहा. मोरी दिसली तेव्हा स्क्रीन लग्नातल्या शालूसारखी हिरवीगार होती. इतकी सुरक्षित जागा तिने आयुष्यात पाहिली नव्हती.

मोरी जरा उंचावर होती, बाजूला मच्छीमार सोसायटीच्या भिंतीचा आडोसा. हेमांगीने गाडी तिथे आणली. पुढे सहा फुटांची पायवाट पाण्याखाली गेलेली. कुठल्या तरी घरातून लहान मूल सारखं रडत होतं. पोटमाळ्यांच्या खिडक्यांतून बायका बाहेर बघत होत्या.

अप्पांचं तिसरं घर. रुबिना पुढे आणि हेमांगी मागे, कमरेइतक्या पाण्यातून भिंत धरून गेल्या. अप्पा खाटेवर पाय वर घेऊन बसले होते, खाटेचे गज बुडालेले, मांडीवर औषधांचा डबा. शेजारच्या दोन बायकांनी प्लास्टिकची खुर्ची आणली. चौघींनी अप्पांना खुर्चीसकट उचललं आणि मोरीपर्यंत आणलं. मागच्या सीटवर बसवताना अप्पांचे दात वाजत होते, तरी ते मोजत होते. “सावित्रीकडे तीन पोरं. भिकूची म्हातारी पांगळी. कोपऱ्यावरची बाळंतीण आहे गो, बारा दिवसांची...”

हेमांगीने रिव्हर्स टाकला. इंजिन अजून चालू होतं. अप्पा, ती, रुबिना आणि फार तर दोन पोरं. पाच मिनिटांत वरच्या रस्त्यावर. गाडीही वाचली असती.

तेवढ्यात स्क्रीन एकदा विझली आणि पुन्हा लागली. शून्य पॉइंट तीनच्या जागी अक्षरं आली, ‘तपासणी चालू.’ मग एकोणतीस. मग एकेचाळीस.

फोन वाजला. महेंद्र जवळजवळ ओरडत होता. “वहिनी, तुम्ही पागवाडीत आहात? माझ्याकडे पागवाडी लाल झालीय! पहिल्यांदा! तुमची डबी कळवतेय, पाणी, कल, दाब, सगळं.”

“मग होड्या पाठवा!”

“एकच डबी आहे, म्हणून मशीन मला विचारतंय, नोंद खरी की डबी बिघडली. मी खरी म्हणून होकार देतो. होड्या वळतील. पण पंचवीस मिनिटं लागतील, आणि तेवढा वेळ डबी तिथे जिवंत पाहिजे. तुम्ही निघालात की मिनिटाभरात चौकोन परत हिरवा होणार आणि होड्या नर्सिंगकडे परत.” तो श्वास घ्यायला थांबला. “वहिनी, गाडी हलवू नका.”

गाडी हलवू नका. हेच तर मार्चपासून सगळे सांगत होते.

तिने आरशात बघितलं. पाणी मागच्या चाकाच्या निम्म्याच्या वर आलं होतं. अजून निघता आलं असतं. आणखी पाच मिनिटांनी नाही. सोळा वर्षांत तिने ह्या गाडीत नऊशे बायकांना शिकवलं होतं, स्टिअरिंगला त्यांच्या घामट हातांचा काळा पट्टा पडला होता. रुबिनाचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला होता आणि तिने तो काढला नव्हता.

मागून अप्पा म्हणाले, “बाय, एसटी सोडायची घाई करू नको. प्रवासी बाकी आहेत.”

हेमांगीने गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. दहाव्या मिनिटाला इंजिनात पाणी गेलं आणि ते दोन आचके देऊन बंद पडलं. तिने चावी तशीच चालू ठेवली. स्क्रीन उजळलेली राहिली. पन्नास. सत्तावन्न. पाणी सीटला लागलं तेव्हा दोघींनी मिळून अप्पांना काढलं आणि भिंतीच्या आडोशाला, गाडीच्या पुढच्या अंगावर बसवलं. हेमांगीने त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पाऊस आडवा मारत होता.

“बघ,” अप्पा तिच्या कानाशी म्हणाले, “शेवटी बसवलंसच बोनेटवर.”

ती हसली, आणि मग रडली, आणि पावसात दोन्ही सारखंच दिसलं. बाजूच्या काचेतून आतला आकडा दिसत होता. एकाहत्तर. तो विझू नये म्हणून ती त्या आकड्याकडे डोळे लावून बसली, जसं कुणी आजारी माणसाच्या छातीकडे बघत बसतं. एकदा तो लुकलुकला. रुबिनाने खिडकीतून हात घालून चावीचा जुडगा घट्ट धरून ठेवला, जणू तिच्या धरण्यानेच वीज टिकत होती.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला सोसायटीच्या कोपऱ्यावरून पहिल्या होडीचं नारिंगी टोक आलं. बाळंतीण आधी गेली. मग पोरं, मग भिकूची म्हातारी. तिसऱ्या खेपेला स्क्रीन विझली, पण तोवर होडीवाल्यांनी वाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आता त्यांना दर लागत नव्हता. अप्पांना उचलायला आले, तेव्हा अप्पांनी हात वर केला.

“आत कोणी आहे का बघा एकदा.”

कोणी नव्हतं. मग ते होडीत बसले.

*

आठवड्याने महेंद्र आला. ह्या वेळी दारातच चपलांशी घोटाळत राहिला.

“या भावोजी. चकल्या आहेत.”

अप्पा आता तिसऱ्या मजल्यावर होते. होडीवाल्यांनीच खुर्चीवर बसवून वर चढवलं होतं, आणि उतरायचं कसं हा प्रश्न सध्या कोणी काढत नव्हतं. गाडी गॅरेजात होती, तिच्यातून खाडीचा वास जात नव्हता. रुबिना रोज फोन करून विचारायची, “मॅडम, आपली गाडी?” डबी मात्र गॅरेजवाल्याने काढून दिली होती, आणि पागवाडीच्या बायकांनी ती वाळवून, महेंद्रकडून परवानगी काढून, मोरीवरच्या खांबाला ठोकली होती. तिथला दर आता सहाच्या खाली येत नाही. कंपनीने नकाशात नवा राखाडी रंग आणला, डबी नसलेल्या जागांचा. तो लागला त्या दिवशी कळलं, की निम्मं आडबंदर राखाडी आहे.

महेंद्रने टॅब उघडला. “भरपाईचा अर्ज भरू या.”

“मिळणार आहे?”

“नाही. चाक फिरलं.” त्याने मान वर केली नाही. “पण अर्ज आला की कोणीतरी तो वाचतं. वरपर्यंत जातो. कोणीतरी वाचू दे.”

हेमांगीने त्याच्यापुढे बशी सरकवली. या वेळी भरलेली.

तो प्रश्न वाचत गेला, ती उत्तरं देत गेली. गाडीचा क्रमांक. भोंग्याची वेळ. गाडी कुठे उभी होती. मग तो अडला.

“‘भोंग्यानंतर गाडी हलवण्याचे कारण.’ चार पर्याय आहेत. आग. चोरी. पोलिसांचा आदेश. इतर.”

“इतर.”

“इतरपुढे लिहावं लागतं. वीस अक्षरांची जागा आहे.”

दोघं विचार करत बसले. वडील लिहावं तर मशीनच्या यादीत वडील नव्हते. पूर लिहावा तर पूर तिथे नव्हताच, दर शून्य पॉइंट तीन होता.

आतल्या खोलीतून वॉकरचा ठोका आला आणि पाठोपाठ अप्पांचा आवाज, डेपोतून गाडी काढताना यायचा तसा.

“लिही रे महेंद्र. प्रवासी बाकी होते.”

महेंद्रने लिहिलं. जागेत बसलं. वर थोडी उरलीसुद्धा.